सिनेमाची गाणी विकत घ्यायची तर: दुकानापासून गाडीतल्या पेनड्राइव्हपर्यंत

माझ्याकडे एकाच सिनेमाची गाणी चार वेळा विकत घेतलेली आहेत. आधी कॅसेट. मग नागपूरच्या बर्डीतल्या एका दुकानातून आणलेली सीडी, जी घरी लावल्यावर एमपीथ्री, म्हणजे आवाज छाटून लहान केलेल्या फाइल्सची, निघाली. मग एका ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या फाइल्स. ते दुकान बंद झालं, आणि मी फाइल्स उतरवून ठेवल्याच नव्हत्या. शेवटी एका घरातलं जुनं सामान निघालं त्यात खरी ऑडिओ सीडी मिळाली. ती मी कॉम्प्युटरवर नीट उतरवली, आणि आता तीच गाणी घरच्या सिस्टीमवर, मोबाइलवर आणि गाडीत वाजतात. वेळीच कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर मधले पैसे आणि मधली वर्षं वाचली असती. त्या चार गोष्टी इथे लिहितोय.

सगळ्याच्या मुळाशी एकच धोरण आहे: प्रत्येक अल्बमची एक मूळ प्रत अशी मिळवा की ज्यातून आवाजाचा कणही कमी झालेला नाही आणि जी तुमच्या स्वतःच्या डिस्कवर आहे. मोबाइलला, गाडीला, आईच्या स्पीकरला लागेल ती नक्कल तिच्यावरून केव्हाही काढता येते. उलटं करता येत नाही.

पायरी १: नेमकं काय हवंय ते आधी ठरवा

"त्या सिनेमाचं म्युझिक हवंय" एवढ्यावर खरेदीला निघू नका. आपल्याकडे सिनेमाचा अल्बम म्हणजे गाणी. पार्श्वसंगीत बहुतेक वेळा विक्रीला येतच नाही, आलं तरी एखादा थीमचा तुकडा असतो. हॉलिवूडच्या सिनेमांचे मात्र पुष्कळदा दोन वेगळे अल्बम निघतात, एक गाण्यांचा आणि एक स्कोअरचा, म्हणजे वाद्यवृंदाच्या पार्श्वसंगीताचा. दोघांचं मुखपृष्ठ जवळपास सारखं असतं. घाईत चुकीचा घेतला तर हवी ती धून त्यात नसते. पैसे भरण्याआधी गाण्यांची यादी आणि प्रत्येकाची लांबी वाचा.

जुन्या गाण्यांचा मामला आणखी नाजूक. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटंच मावत. त्यामुळे पडद्यावर असलेलं एखादं कडवं तबकडीवर नसे, आणि पुढे कॅसेट, सीडी, ऑनलाइन जे काही आलं ते बहुधा तबकडीवरूनच आलं. लहानपणी टॉकीजमध्ये ऐकलेलं कडवं अल्बममध्ये सापडत नसेल तर तुमची आठवण खोटी नाही.

आणखी दोन सापळे. एक, "झंकार" लिहिलेल्या आवृत्त्या: मूळ गाण्यावर नंतर ढोलक आणि इलेक्ट्रॉनिक ठेका चढवलेला असतो. दुसरा, कव्हर व्हर्जन: गाणं तेच, गायक भलताच, आणि मूळ कलाकाराचा फोटो मात्र मोठा. गायकाचं नाव बारीक अक्षरात असलं तरी शोधून वाचा. ऑनलाइन दुकानात गाण्याचा छोटा नमुना ऐकायला मिळतो, तो ऐकल्याशिवाय जुनं काही घेऊच नका.

पायरी २: हाताशी काय लागेल

- ऑनलाइन खरेदीसाठी कायम चालू राहील असा ईमेल. ऑफिसचा नको, नोकरी सुटली की खातंही जातं.
- यूपीआय किंवा नेट बँकिंग. परदेशी दुकानांसाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं कार्ड. ही सोय बहुतेक कार्डांवर मुळात बंद असते, बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावी लागते. बँक परकीय चलनाचं वेगळं शुल्क लावते, ते किमतीत धरा.
- लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर. बर्डीत कॉम्प्युटरच्या दुकानांत मागितला की काढून देतात.
- सॉफ्टवेअर: सीडी उतरवायला विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, नावं भरायला एमपीथ्रीटॅग, ऐकायला आणि रूपांतराला फूबार २०००, काहीही वाजवायला व्हीएलसी, फाइल तपासायला स्पेक. यातलं घरगुती वापरासाठी मला काहीच विकत घ्यावं लागलं नाही.
- दोन हार्ड डिस्क. एक पुरेल असं वाटतं. शेवटच्या पायरीत का ते सांगतो.
- खरेदीच्या पावत्यांसाठी एक फोल्डर. खातं अडकलं तर पावतीवरचा ऑर्डर क्रमांकच कामी येतो.

पायरी ३: कुठून घ्यायचं

आधी एक गैरसमज. स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपमध्ये "डाउनलोड" दाबलं की गाणं आपलं झालं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. ती फाइल कुलूपबंद असते, त्याच अ‍ॅपमध्ये वाजते, आणि वर्गणी थांबली की वाजायची थांबते. रोज नवीन ऐकायला स्ट्रीमिंग उत्तम आहे, मीही वापरतो. पण ते भाड्याचं घर आहे.

विकत घ्यायचे आपल्याला परवडणारे रस्ते तीन.

*आयट्यून्स स्टोअर.* अ‍ॅपलचं हे ऑनलाइन दुकान भारतात २०१२च्या डिसेंबरात सुरू झालं. हिंदी-मराठी सिनेमांचा साठा मोठा. फाइल २५६ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) एएसी असते, म्हणजे एमपीथ्रीच्याच जातीची, आणि २००९पासून या दुकानातल्या गाण्यांना कुलूप नाही, म्हणजे अँड्रॉइडवर, विंडोजवर, कुठेही वाजतात. आयफोनवर आयट्यून्स स्टोअर नावाचं वेगळं अ‍ॅप आहे; म्युझिक अ‍ॅपमध्ये शोधत बसाल तर ते वर्गणीच मागत राहील. विंडोजवर आयट्यून्समधून घेता येतं. काही गाणी सुटी मिळत नाहीत, अख्खा अल्बम घ्यावा लागतो. घेतल्या घेतल्या फाइल कॉम्प्युटरवर उतरवा आणि कॉपी करून बाजूला ठेवा.

दुकानं बंद पडतात म्हणून हा आग्रह. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाईट नावाचं एमपीथ्रीचं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये बंद केलं. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये गेलं. ज्यांनी गाणी उतरवून ठेवली होती त्यांच्याकडे ती आजही आहेत.

*बँडकॅम्प.* मोठ्या बॅनरची हिंदी-मराठी गाणी इथे शोधू नका. पण माहितीपट, लघुपट, स्वतंत्र सिनेमे, व्हिडिओ गेम यांचं संगीत करणारे पुष्कळ संगीतकार आपलं काम इथे थेट विकतात. एकदा पैसे भरले की तोच अल्बम एमपीथ्री, फ्लॅक, एएलएसी, वेव्ह अशा हव्या त्या स्वरूपात उतरवता येतो (ही स्वरूपं काय ते पायरी ४ मध्ये). संगीतकारानं ठरवलेल्या किमतीपेक्षा जास्तही देता येतं. आवडलं तर द्या, त्यातला मोठा वाटा थेट त्याच्याकडे जातो.

*ऑडिओ सीडी.* माझा कल इकडे आहे. नवीन सीडी ऑनलाइन बाजारात मिळतात, पण खरा खजिना जुन्यांचा. नागपुरात कॅसेट-सीडीची दुकानं मोबाइलची झाली, तरी काहींच्या पोटमाळ्यावर खोकी पडून आहेत. महाल, इतवारी, सदर अशा जुन्या वस्त्यांत घरं रिकामी होतात तेव्हा सीडी रद्दीत निघतात. आपल्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा, "भाऊ, गाण्याच्या सीडी आल्या की मला फोन करा." मला अशा सीडी ५० ते १५० रुपयांत मिळाल्यात.

सीडी हातात घेतल्यावर हे बघा. डबीवर आणि चकतीवर "कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ" हे चिन्ह आहे का? "५० सुपरहिट गाणी" असं लिहिलं असेल तर ती एमपीथ्री सीडी आहे, कारण ऑडिओ सीडीवर ८० मिनिटांपेक्षा फारसं मावत नाही. मग चकती उजेडासमोर धरा. लोक चकचकीत बाजूचे ओरखडे बघतात, पण माहितीचा थर असतो छापील बाजूच्या अगदी खाली. छपाईवर खोल ओरखडा असेल आणि त्यातून उजेड आरपार दिसत असेल तर ती सीडी ठेवून द्या. खालच्या बाजूचे बारीक चरे सहसा चालतात.

गाणी भरून मिळणारे पेनड्राइव्ह आणि फुकट फ्लॅकचे टेलिग्राम चॅनल या दोन्हींपासून लांब राहा. त्यात गायक-गीतकाराला पैसा मिळत नाही हे तर आहेच. शिवाय माल खोटा असतो: १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला फ्लॅकचं नाव दिलेलं. स्पेकमध्ये फाइल उघडली की लगेच कळतं. फाइलमध्ये किती उंच स्वरांपर्यंत आवाज आहे ते दाखवणारा रंगीत आलेख १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीनं कापल्यासारखा संपत असेल तर ती बहुधा एमपीथ्रीच आहे. पन्नासच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळातच नसतात, तेवढं लक्षात ठेवून आलेख वाचा.

पायरी ४: फॉरमॅट निवडणं

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, आणि गणित मात्र पाचवीचं आहे.

सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. पाच मिनिटांचं गाणं अशा कच्च्या स्वरूपात, म्हणजे वेव्ह फाइलमध्ये, सुमारे ५३ एमबी होतं.

फ्लॅक हीच फाइल घडी घालून ठेवतं. नऊवारीची घडी उलगडली की साडी जशीच्या तशी, एक दोराही कमी नाही. जागा मात्र साधारण निम्मी ते दोन तृतीयांश लागते. फ्लॅक २००१पासून आहे, कुणाची मक्तेदारी नाही, आणि त्यात नावं, मुखपृष्ठ सगळं नीट बसतं. वेव्हमध्ये ही नावांची सोय धड चालत नाही, म्हणून साठवायला वेव्ह नको. एएलएसी ही अ‍ॅपलची तशीच घडी. आयफोनच्या म्युझिक अ‍ॅपला फ्लॅक चालत नाही, म्हणून घरात सगळं अ‍ॅपलचं असेल तर एएलएसी घ्या. दोन्हींत आवाजाचा काडीचाही फरक नाही, आणि एकातून दुसऱ्यात कितीही वेळा गेलात तरी काही गळत नाही.

एमपीथ्री आणि एएसी वेगळ्या जातीचे. ते कानाला सहसा न जाणवणारा भाग टाकून देतात. पाच मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएस एमपीथ्रीत १२ एमबी, २५६ एएसीत साडेनऊ एमबी, १२८ एमपीथ्रीत पाच एमबीच्या आत.

किती फरक ऐकू येतो? मी फूबारमध्ये डोळे झाकून चाचणी घेतली, म्हणजे कोणती फाइल वाजतेय ते न कळता ओळखायचं. २५६ एएसी आणि फ्लॅक यांत मला फरक सांगता आला नाही. १२८ एमपीथ्री मात्र दर वेळी पकडता आलं. टाळ, झांज, टाळ्यांचा कडकडाट पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. आणि हलगी! एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडून हिशेब करतं. शांततेतून अचानक फटका आला की त्याचा धुरळा फटक्याच्या आधीच्या क्षणावरही पसरतो, आणि टिपरीची धार बोथट होते. अजय-अतुल यांचं संगीत ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल. २०१६च्या 'सैराट'साठी त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. आपल्या नागपुरात चित्रित झालेल्या 'झुंड'लाही त्यांचंच संगीत आहे. एवढ्या मेहनतीचं काम १२८ वर ऐकणं मला खरंच पटत नाही.

मग फरकच कळत नाही तर फ्लॅक कशाला? नकलेसाठी. एएसीवरून एमपीथ्री केलं की आधीच छाटलेलं पुन्हा छाटलं जातं. फ्लॅकवरून केलेली प्रत्येक नक्कल पहिल्या हाताची असते. आणि ज्यांना स्कोअर ऐकायचा आहे त्यांच्यासाठी आणखी एक कारण: एमपीथ्रीच्या दोन फाइल्समध्ये बारीकशी फट पडू शकते. एकातून दुसऱ्यात वाहत जाणाऱ्या संगीतात ती फट दातात खडा आल्यासारखी लागते.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं "हाय-रेझोल्यूशन" महाग मिळतं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. सीडीच्या नमुन्यांत २२ पर्यंतचं सगळं मावतं. निव्वळ आकड्यांसाठी जादा पैसे देऊ नका. नव्यानं, काळजीपूर्वक मास्टरिंग केलेली, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवलेली आवृत्ती फक्त त्याच स्वरूपात मिळत असेल तरच विचार करा.

आणि एमपीथ्रीचं फ्लॅक कधीही करू नका. फाइल फुगते, आवाज तोच राहतो. मी त्या एमपीथ्री सीडीवरची पन्नास गाणी अशी "सुधारून" ठेवली होती, सगळी पुसावी लागली.

पायरी ५: सीडी उतरवणं

चकती मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल चरा वाचताना जास्त त्रास देतो. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीत "सिक्युअर मोड" निवडा. तो खराब जागा पुन्हा पुन्हा वाचतो, म्हणून वेळ लागतो, लागू द्या. शेवटी अ‍ॅक्युरेटरिप तुमची प्रत जगभरातल्या इतरांच्या प्रतींशी ताडून बघतं. जुळली तर निश्चिंत. आपल्याकडच्या बऱ्याच सीडी त्या यादीत नसतात. तेव्हा तेच ट्रॅक दोनदा वाचून जुळतात का बघा.

कायद्याचा प्रश्न बरेच जण विचारतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी रास्त वापराची मुभा आहे. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत सहसा त्यातच धरली जाते. ती प्रत वाटणं, विकणं, किंवा सीडी विकून टाकून प्रत ठेवणं हे त्यात बसत नाही.

पायरी ६: नावं भरणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात मोलाचंही. सिनेमाच्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा असतो. "आर्टिस्ट"मध्ये गायक लिहिले आणि "अल्बम आर्टिस्ट" रिकामं सोडलं की प्लेअर एका सिनेमाचे सात तुकडे करून सात ठिकाणी दाखवतो. म्हणून अल्बम आर्टिस्टमध्ये संगीतकाराचं नाव, सगळ्या गाण्यांना अगदी सारखं. कुठे "अजय-अतुल", कुठे "अजय, अतुल" असं झालं तर पुन्हा दोन अल्बम.

"लिरिसिस्ट"ची जागा रिकामी ठेवू नका. गीतकाराचं नाव ऑनलाइन फार ठिकाणी गाळलेलं असतं. सीडीच्या पुस्तिकेत ते छापलेलं असतं, तिथून बघून भरा. वर्ष सिनेमाचं लिहा, सीडी निघाल्याचं नको. मुखपृष्ठ स्कॅन करून जोडा.

मूळ प्रतीत नावं देवनागरीतच लिहा. गाडीसाठी मात्र पुढचं वाचा.

पायरी ७: गाडी आणि मोबाइल

गाडीचे स्टिरिओ हट्टी असतात. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये (पेनड्राइव्हवर फाइल्स मांडायची जुनी पद्धत) फॉरमॅट करा. ६४ जीबीचा नवीन पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतो आणि बरेच जुने स्टिरिओ तो ओळखतच नाहीत. नक्कल ३२० एमपीथ्रीची ठेवा, ती सगळीकडे वाजते. देवनागरी नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसत असतील तर गाडीच्या नकलेपुरती नावं रोमन लिपीत करा. फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे द्या, नाहीतर गाणी अक्षरांच्या क्रमानं वाजतील. ६४ जीबीत अशी पाच हजारांच्या आसपास गाणी मावतात. समृद्धीवरच्या ७०१ किलोमीटरना पुरून उरतात.

मोबाइलवर ब्लूटूथ हेडफोन असेल तर आवाज वाटेत पुन्हा दाबला जातो, त्यामुळे तिथे फ्लॅक भरून जागा अडवू नका, एएसी पुरे. तारेचा चांगला हेडफोन असेल तर फ्लॅक भरा. फार स्वस्त "५१२ जीबी"चा पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड दिसलं तर घेऊ नका, आत क्षमता भलतीच असते. घेतलंच असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरनं भरून तपासा.

पायरी ८: नागपूरच्या उन्हात सांभाळणं

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो, आणि बंद गाडीच्या आत त्याहून पुष्कळ जास्त. काच लावून उभ्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेली सीडी वाकते, आणि वाकलेली सरळ होत नाही. गाडीत फक्त पेनड्राइव्ह ठेवा, तोही नकलेचा. सीडी घरात उभ्या, भिंतीपासून थोड्या अंतरावर, गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत नाही. कूलरच्या झोतातही नको. ओलीनं पुस्तिकेचा कागद चिकटतो, आणि तो सोडवताना गीतकाराचं नावच फाटतं.

हार्ड डिस्क दोन का, ते इथे. दोन्हींवर तेच संग्रह ठेवा, आणि दुसरी स्वतःच्या घरात ठेवू नका. माझी धाकट्या बहिणीकडे वर्ध्याला असते. दिवाळीत आणि उन्हाळ्यात जातो तेव्हा नवीन अल्बम तिच्यावर चढवतो आणि जुन्यांतली चार-दोन गाणी वाजवून बघतो. एक अल्बम फ्लॅकमध्ये ३५० ते ४०० एमबी धरला तर एक टीबीच्या डिस्कवर अडीच हजार अल्बम बसतात. जागेची चिंता करू नका. सीडी उतरवून झाली म्हणून ती रद्दीत देऊ नका. दोन्ही डिस्क गेल्या तर पुन्हा तिच्याकडेच यावं लागेल.